बॅटरी नेमकी मरते केव्हा?

डिसेंबरातली सकाळ होती. आम्ही काही शिक्षक मित्रांबरोबर दोन गाड्यांतून वेरूळला निघालो होतो. साडेसहाची वेळ, हवेत चांगलाच गारठा. पहिली गाडी लगेच सुरू झाली. दुसरीची किल्ली फिरवली, तर नुसता ‘टक्’ असा आवाज आला आणि समोरचे दिवे मंदावले. आदल्या संध्याकाळी हीच गाडी क्रांती चौकातून तक्रार न करता घरी आली होती. अखेर चौघांनी धक्का मारला, तेव्हा ती सुरू झाली. परत आल्यावर बॅटरीवाल्याकडे गेलो आणि म्हणालो, “थंडीमुळे बॅटरी गेली बहुतेक.” त्याने सहाही झाकणे उघडली, काचेच्या पिचकारीसारखे उपकरण एकेका भोकात बुडवून पाहिले आणि म्हणाला, “थंडीनं नाही सर. ही मे महिन्यातच मेली होती, तुम्हाला आत्ता कळलं.”

आम्हाला हे वाक्य तेव्हा दुकानदारी वाटले. पण नंतर हिशेब मांडून पाहिला, तेव्हा रसायनशास्त्राच्या दृष्टीने ते जवळजवळ अचूक असल्याचे लक्षात आले. तो हिशेब तुम्हालाही वर्गात मांडता येईल. त्याला दहावीचा ओहमचा नियम आणि थोडे बीजगणित पुरते.

प्रथम बॅटरीचे काम काय ते पाहू. सुरुवातीच्या मोटारगाड्यांना समोरून हँडल मारावे लागे, आणि इंजिनाने उलटा झटका दिला तर हात मोडत असे. चार्ल्स केटरिंग या अमेरिकन अभियंत्याने तयार केलेला विजेचा स्टार्टर १९१२ मध्ये कॅडिलॅक गाडीत आला आणि तेव्हापासून गाडीत चांगली दणकट बॅटरी असणे भाग पडले. लहान मोटारगाडीचा स्टार्टर सुरू होताना साधारण १५० अँपिअर प्रवाह घेतो. घरातला शंभर वॉटचा दिवा अर्धा अँपिअरही घेत नाही, हे मनाशी ठेवले की हा आकडा किती मोठा आहे ते कळेल.

इथे वर्गात एक प्रश्न विचारून पाहा. पेन्सिल सेल दीड व्होल्टचा असतो. असे आठ सेल एकापुढे एक जोडले की बारा व्होल्ट मिळतात. मग त्यावर गाडी का सुरू होत नाही? उत्तर अंतर्गत रोधात आहे. एका सेलचा अंतर्गत रोध ०.२ ओहम धरला, तर आठांचा १.६ ओहम झाला. बाहेरचा रोध शून्य मानला तरी १२ ÷ १.६ म्हणजे साडेसात अँपिअरच्या पुढे प्रवाह जाणार नाही. गाडीच्या बॅटरीचे मात्र स्वस्थ असताना १२.६ व्होल्ट असतात आणि १५० अँपिअर देताना ते समजा १०.६ वर येतात. म्हणजे १५० अँपिअरला २ व्होल्ट आत खर्ची पडले. अंतर्गत रोध झाला २ ÷ १५०, म्हणजे सुमारे ०.०१३ ओहम. बॅटरी म्हातारी होते म्हणजे मुख्यतः हा छोटासा आकडा वाढत जातो.

आता आत डोकावू. गास्ताँ प्लान्ते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये शिशाचे दोन पत्रे गंधकाम्लात बुडवून पुन्हा पुन्हा भरता येणारा पहिला विद्युतघट तयार केला. कामी फोर याने १८८१ मध्ये शिशाच्या पट्टीवर लेप देण्याची युक्ती काढली. आजची बॅटरी याच घराण्यातली. शिशाच्या मिश्रधातूच्या जाळ्या असतात. धन पट्टीच्या जाळीत लेड डायऑक्साइडचा तपकिरी लेप आणि ऋण पट्टीच्या जाळीत सच्छिद्र, करडे शिसे. मध्ये विरल सल्फ्युरिक आम्ल. एका कप्प्यातून दोन व्होल्टपेक्षा थोडा जास्त दाब मिळतो. असे सहा कप्पे.

बॅटरी वीज देते तेव्हा दोन्ही पट्ट्यांवर पांढरे लेड सल्फेट जमते आणि आम्ल खर्च होऊन पाणी तयार होते. चार्ज करताना हेच उलट घडते. आम्ल हे या क्रियेचे माध्यम तर आहेच, पण तेच कच्चा मालही आहे. म्हणून आम्लाची घनता मोजली की बॅटरी किती भरली आहे ते कळते. पूर्ण भरलेल्या बॅटरीत घनता पाण्याच्या १.२८ पट असते, रिकामी झाली की १.१२ च्या आसपास येते. आपल्यासारख्या उष्ण प्रदेशात मुद्दाम थोडे सौम्य, १.२४ च्या जवळपासचे आम्ल भरण्याची पद्धत आहे, कारण तीव्र आम्ल आणि उष्णता मिळून पट्ट्या लवकर खातात. आमच्या बॅटरीत बॅटरीवाल्याला पाच कप्पे १.२० च्या वर आणि एक कप्पा १.१२ वर आढळला. सहा कप्पे एकसर जोडणीत असतात. एक कच्चा पडला की पाच भक्कम असून उपयोग नाही.

हा कप्पा का मेला? बॅटरीला अनेक वाटांनी मरण येते, पण आपल्या मराठवाड्यात सर्वांत रुळलेली वाट म्हणजे धन पट्टीच्या जाळीचे क्षरण. धन पट्टीवर परिस्थिती अशी असते की तिथे शिशाचे सतत ऑक्सिडीकरण होऊ पाहते. लेपाचे व्हायचे ते झालेलेच असते, पण लेप धरून ठेवणारी शिशाची जाळीसुद्धा वरून वरून लेड डायऑक्साइड बनत जाते. या डायऑक्साइडला शिशापेक्षा जास्त जागा लागते. त्यामुळे जाळी फुगते, ताणली जाते, तिच्या काड्या बारीक होतात, लेप सुटून तळाशी पडतो. लोखंडी गजाला गंज चढून सिमेंटचा थर फुटतो, तसेच काहीसे हे आहे. गाडी चालवा, न चालवा, ही क्रिया चालूच राहते. आणि तिचा वेग ठरवते तापमान.

स्वीडनच्या स्वान्ते अरेनियस यांनी १८८९ मध्ये तापमान आणि रासायनिक क्रियेचा वेग यांचे नाते मांडले. त्यातून निघालेला एक ढोबळ नियम बॅटरीच्या क्षेत्रात सर्रास वापरतात: तापमान १० अंश सेल्सिअसने वाढले की बॅटरीचे आयुष्य निम्मे होते. हा नियम घेऊन आपल्या शहराचा हिशेब करू. २५ अंशांना एक महिना म्हणजे आयुष्यातला एक महिना खर्च झाला असे धरू. मग ३५ अंशांना एका महिन्यात दोन महिने खर्च होतील, ४५ अंशांना चार. मधल्या ३० अंशांना दोनचे वर्गमूळ, म्हणजे १.४ आणि ४० अंशांना २.८.

छत्रपती संभाजीनगरात (आमच्या पिढीच्या तोंडी अजून औरंगाबादच येते) एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० च्या वर जातो. पण बॅटरीचे तापमान हवेचे नसते. ती बॉनेटखाली, इंजिनाच्या शेजारी असते आणि गाडी उन्हात उभी केली तर पत्र्याची तापही तिला मिळते. चालत्या इंजिनाजवळची हवा ६०-७० अंशांवर सहज जाते. तेव्हा सदैव उन्हात उभ्या असणाऱ्या एका गाडीच्या बॅटरीचे सरासरी तापमान हिवाळ्याच्या चार महिन्यांत २५, पावसाळ्याच्या चार महिन्यांत ३० आणि उन्हाळ्याच्या चार महिन्यांत ४० धरू. वर्षाचा खर्च असा:

हिवाळा : ४ × १ = ४ महिने
पावसाळा : ४ × १.४ = ५.६ महिने
उन्हाळा : ४ × २.८ = ११.२ महिने

एकूण २०.८. म्हणजे बारा महिन्यांत बॅटरी जवळजवळ एकवीस महिन्यांनी म्हातारी झाली. एखादी बॅटरी २५ अंशांना सहा वर्षे, म्हणजे ७२ महिने टिकणारी असेल, तर ती इथे ७२ ÷ २०.८ म्हणजे साडेतीन वर्षांपेक्षा थोडी कमीच टिकेल. आणि पाहा, वर्षाच्या खर्चातला निम्म्याहून अधिक भाग एकट्या उन्हाळ्याचा आहे. बॅटरीवाला काय म्हणत होता ते आता कळते.

आता हीच गाडी उन्हाळ्यात कडुनिंबाखाली उभी करू. सरासरी ४० ऐवजी ३५ धरू. उन्हाळ्याचा खर्च ८ महिने, वर्षाचा १७.६, आणि आयुष्य ७२ ÷ १७.६ म्हणजे चार वर्षे एक महिना. त्या झाडाच्या सावलीने बॅटरीला साडेसात महिने दिले. शहरातली किती झाडे रस्ता-रुंदीकरणात गेली हा वेगळा विषय आहे. पण त्यांच्या किमतीत हेही मोजायला हरकत नाही.

वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांनी इथे एक शंका काढायला हवी. सरासरी तापमान घेऊन गुणक काढला ते बरोबर आहे का? नाही. दिवसाचा अर्धा वेळ ३० आणि अर्धा वेळ ५० अंश असेल, तर सरासरी ४० च येते. पण खर्चाचे गुणक १.४ आणि ५.७, त्यांची सरासरी साडेतीन. २.८ पेक्षा बरीच जास्त. म्हणजे आमचा हिशेब बॅटरीला झुकते माप देणारा आहे. दुपारच्या दोन-तीन तासांचे ऊन रात्रीच्या गारव्याने भरून निघत नाही.

उष्णतेचे दुसरे काम म्हणजे पाणी उडवणे. चार्जिंगचा दाब १४.४ व्होल्टच्या वर जाऊ लागला की आम्लातल्या पाण्याचे विघटन होऊन हायड्रोजन आणि ऑक्सिजन बाहेर पडतात. तापलेल्या बॅटरीत हे त्याहून कमी दाबालाच सुरू होते. पातळी उतरली की पट्ट्यांचा वरचा भाग उघडा पडतो आणि कायमचा निकामी होतो. जुन्या बॅटऱ्यांच्या जाळ्यांत शिशाबरोबर अँटिमनी असे, त्यामुळे पाणी जास्त उडे. आता कॅल्शियम घालतात, म्हणून पुष्कळ बॅटऱ्यांत पाणी घालण्याची सोयच नसते. झाकणे असतील, तर मात्र फक्त डिस्टिल्ड वॉटर घालावे. आपल्याकडच्या काळ्या पाषाणातल्या बोअरचे पाणी जड असते, त्यात क्षार असतात. क्लोराइड आणि लोह यांचे अंश पट्ट्यांना मारक ठरतात. आणि आम्ल कधीही घालू नये. उडते ते पाणी, आम्ल आतच राहिलेले असते. ही चूक सुशिक्षित माणसेही करतात. बॅटरीजवळ काडी ओढू नये हे सांगायला नकोच. हायड्रोजन स्फोटक आहे.

या शहरात ऑक्टोबर २०१० मध्ये एक गमतीदार घटना घडली होती. इथल्या उद्योजक-व्यावसायिकांनी मिळून एकाच दिवशी दीडशे मर्सिडीझ गाड्या घेतल्या. किंमत सुमारे ६५ कोटी रुपये. देशभरातल्या वर्तमानपत्रांत मराठवाड्याच्या श्रीमंतीची चर्चा झाली. आम्हाला त्यात एक प्रयोग दिसला. एकाच शहरात, एकाच दिवशी, एकाच कंपनीच्या दीडशे गाड्या रस्त्यावर उतरल्या. त्यांच्या बॅटऱ्या एकाच दिवशी मरतील का? मुळीच नाही. एक गाडी रोज वाळूजच्या कारखान्यावर जाणार, दुसरी बंगल्यात झाकून ठेवलेली आणि लग्नसराईत निघणार. ऊन दोघींना तेच, पण दुसरीला वेगळे मरण आहे.

ते मरण म्हणजे सल्फेटचे खडे. वीज दिल्यावर पट्टीवर जमलेले लेड सल्फेट बारीक कणांचे असते, आणि असे बारीक कण चार्जिंगने सहज परत फिरतात. पण बॅटरी अर्धवट रिकामी पडून राहिली की बारीक कण विरघळतात आणि मोठ्या कणांवर जाऊन बसतात. डब्यातल्या शिळ्या पाकात साखरेचे मोठे खडे होतात, तसे. या टणक खड्यांना चार्जिंगची वीज नीट पोचत नाही. तितकी पट्टी कामातून गेली.

उभ्या गाडीची बॅटरी रिकामी होते ती कशाने? घड्याळ, चोर-गजर, संगणकीय भाग हे सगळे गाडी बंद असतानाही थोडी थोडी वीज खात असतात. ५० मिलिअँपिअर धरा. दिवसाचे ०.०५ × २४ = १.२ अँपिअर-तास. बॅटरी ३५ अँपिअर-तासांची असेल, तर पंधरवड्यात निम्मी संपली. शिवाय बॅटरी आपली आपण झिरपते ती वेगळीच, आणि उन्हाळ्यात ती झिरप वाढते. २५ मार्च २०२० पासून टाळेबंदी लागली, तेव्हा भर उन्हाळ्यात लाखो गाड्या आठवडेच्या आठवडे जागेवर उभ्या राहिल्या. कुलूप उघडल्यावर बॅटरीवाल्यांकडे गर्दी झाली, त्यात नवल नव्हते. ज्यांनी एक तार काढून ठेवली होती, त्यांच्या बॅटऱ्यांना पुष्कळ कमी त्रास झाला.

रोज चालणारी गाडीसुद्धा उपाशी राहू शकते. १५० अँपिअर तीन सेकंद घेतले, तर खर्च ४५० कूलोम, म्हणजे फक्त ०.१२५ अँपिअर-तास. चालत्या गाडीत हे काही मिनिटांत भरून निघावे. पण गुलमंडीच्या गर्दीत, दिवे आणि वातानुकूलन चालू, इंजिन मंद फिरते आहे, दर दोनशे मीटरवर थांबून पुन्हा किल्ली फिरवली जाते, अशा वेळी अल्टरनेटरजवळ बॅटरीला द्यायला फारसे उरत नाही. अशी गाडी आठवड्यातून एकदा जालना रस्त्याने तासभर चालवून आणली तर बॅटरीला तो पोटभर जेवणासारखा असतो. खड्ड्यांचे हादरे लेप पाडतात. म्हणून बॅटरीची पट्टी घट्ट आवळलेली असावी.

घरच्या इन्व्हर्टरची बॅटरी मात्र रिकामी होऊन भरते तरी टिकते, हा प्रश्न आम्हाला भारनियमनाच्या दिवसांत हमखास विचारला जाई. दोन्ही शिशाच्याच, पण बांधणी वेगळी. गाडीच्या बॅटरीत पातळ आणि पुष्कळ पट्ट्या असतात, क्षणभर प्रचंड प्रवाह देण्यासाठी. इन्व्हर्टरच्या बॅटरीत लेप जाड नळ्यांत भरलेला असतो, तासन्‌तास थोडा प्रवाह देण्यासाठी. शंभर मीटर धावणारा आणि पंढरीची वारी चालणारा, दोघांच्या पायांत फरक असायचाच.

आता डिसेंबरातल्या त्या सकाळकडे वळू. नव्या बॅटरीजवळ गरजेपेक्षा बरीच अधिक ताकद शिलकीला असते. स्टार्टरला १५० अँपिअर हवे असतील, तर ती ३०० सुद्धा देऊ शकते. उन्हाळ्यागणिक ही शिल्लक घटते. पण गाडी सुरू होते आहे तोवर मालकाला पत्ता लागत नाही. उलट गरम हवेत रासायनिक क्रिया जलद चालत असल्याने अशक्त बॅटरीही वेळ मारून नेते. मग थंडी येते. पहाटे पारा १० अंशांच्या आसपास उतरतो, बॅटरीतली क्रिया मंदावते, अंतर्गत रोध वाढतो, म्हणजे पुरवठा घटला. त्याच वेळी इंजिनातले तेल घट्ट होते, म्हणजे मागणी वाढली. शिल्लक आधीच संपलेली असते. सगळ्या बॅटऱ्या हिवाळ्यातच जातात असे नाही. आतली जाळी तुटली तर जून महिन्यात भर चौकातही जातात. पण ‘काल तर चालू होती’ हे वाक्य थंडीत जास्त ऐकू येते, त्याचे कारण हे.

स्वस्थ बॅटरीचा दाब फसवा असतो, हे इथे सांगायला हवे. आमच्या माहितीत बरेच जण मीटर लावून १२.६ पाहतात आणि निश्चिंत होतात. तो आकडा बॅटरी किती भरली आहे ते सांगतो, किती जगणार ते नाही. पेला भरलेला आहे हे खरे, पण तो पेला केवढा उरला आहे? ते कळते स्टार्टर फिरताना. म्हणून शाळेच्या आवारातल्या गाड्यांवर एक प्रयोग करता येईल. शंभर-दोनशे रुपयांपासून मिळणारा साधा मल्टिमीटर एकसर दाबाच्या २० व्होल्टच्या पट्ट्यावर ठेवा. गाडी गिअरमध्ये नाही आणि हँडब्रेक ओढलेला आहे, हे पाहून घ्या. गाडी रात्रभर उभी असताना सकाळचा दाब, स्टार्टर फिरतानाचा सर्वांत कमी दाब आणि इंजिन चालू झाल्यावरचा दाब असे तीन आकडे वहीत लिहा. पहिला १२.४ ते १२.७, दुसरा १० च्या वर, तिसरा १३.८ ते १४.४ असेल तर सारे ठीक. दुसरा आकडा ९.५ च्या खाली घसरत असेल, तर त्या शिक्षकांना दिवाळीच्या सुट्टीतल्या प्रवासाआधीच सावध करा. तिसरा सतत १५ च्या जवळ असेल, तर दोष बॅटरीचा नाही, तिला वाजवीपेक्षा जास्त वीज मिळते आहे. नवी बॅटरी बसवली तरी तीही तशीच उकळून मरेल. मीटरच्या तारा इंजिनाच्या पंख्यापासून आणि पट्ट्यापासून दूर ठेवाव्यात, आणि हे काम मोठ्यांनी करावे. विद्यार्थ्यांनी नोंदी घ्याव्यात. वहीत गाडी सावलीत राहते की उन्हात, रोज किती चालते आणि बॅटरीवर छापलेला तयार झाल्याचा महिना, हे रकानेही घाला. दर दोन महिन्यांनी मोजले, तर दोन-तीन वर्षांत अशी माहिती हाती येईल की जी कुठल्याच पाठ्यपुस्तकात नाही.

वॉरंटीविषयी एक गैरसमज असतो. ती बॅटरीच्या आयुष्याची भविष्यवाणी नसते, कंपनीने स्वीकारलेल्या जोखमीचा तो करार असतो. वॉरंटी संपली म्हणून चांगली बॅटरी काढून टाकण्याचे कारण नाही, आणि वॉरंटी आहे म्हणून दुसरा आकडा पाहायचा सोडण्याचेही नाही.

आमची बॅटरी तीन वर्षे दोन महिने चालली. बॅटरीवाल्याने ती परत घेतली आणि नवीच्या किमतीतून काही रक्कम वजा केली. जुन्या बॅटरीतले शिसे वितळवून पुन्हा वापरता येते, म्हणून तिला भाव असतो. आणि शिसे मुलांच्या मेंदूला घातक असल्याने ती कुठेही फोडणे धोक्याचे असते. दुकानदाराने जुनी बॅटरी परत घ्यावी, असा नियम २००१ पासून होता, आणि २०२२ च्या नव्या नियमांनी ती गोळा करून पुनर्वापराला लावण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. भंगारवाल्याकडे दोनशे रुपये जास्त मिळतात म्हणून तिथे देऊ नये. तो आम्ल गटारात ओततो आणि शिसे उघड्यावर वितळवतो, आणि त्या भट्टीजवळ खेळणारी मुले उद्या आपल्याच एखाद्या वर्गात बसलेली असतात.